छप्पर वाळेपर्यंत

आमचे हे शिंपी आणि सासरे रेल्वेच्या कारखान्यातले छप्परवाले. जुन्या लाकडी डब्यांवर जाड कापड चढवायचं, वर रंग द्यायचा आणि पाण्याचा थेंब आत येऊ द्यायचा नाही, यात त्यांचा जन्म गेला. मुलानं सुई धरली ती त्यांना कधीच रुचली नाही. आता नजर गेली, हृदय थकलं; पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. लेकाला ‘बरं केलंस’ असं त्यांनी आजवर एकदाही म्हटलेलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. वय पाहून डॉक्टरांनी कसलीच खात्री दिली नव्हती. त्याआधी बापाच्या हातात त्याच्याच डब्याचं वीतभर मॉडेल ठेवायचं, या हट्टापायी ह्यांना जेवण गोड लागत नव्हतं. डबा तयार होता, अडलं होतं छपरापाशी. डोळ्यांना दिसलं नाही तरी त्या बोटांना कापड कळणार, म्हणून कागद चालणार नव्हता. मग माझी मलमलची ओढणी कापली, तीही मला न विचारता!

पाणी घातलेल्या डिंकात भिजवून ती पातळ लाकडी छपरावर चढवायची. पहिलं छप्पर वाळलं आणि केळ्यासारखं वाकलं. त्या दिवशी सकाळी पाहिलं तर दुसरंही तसंच. ह्यांनी ते भिंतीवर फेकलं.

“ओढताय किती ते!” मी म्हटलं.

“सुरकुती ठेवू? शिंपी आहे मी!”

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. कापड दिसलं की हात ताणायला धावायचे. पलीकडे कॉटवर सासरे सगळं ऐकत होते. माझं डोकंच फिरलं.

“ओलं कापड वाळताना आटतं, हे गिऱ्हाइकाला रोज सांगता ना? मग स्वतःला कोण सांगणार? सैल सोडा!”

तिसरं छप्पर ह्यांनी दात-ओठ खात सैल सोडलं. कडा खाली दुमडल्या. एका कोपऱ्यात सुरकुती राहिलीच. बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. ह्यांची बोटं सुरकुतीकडे गेली तसं मी मनगट धरलं.

“राहू दे. आहे तसं घ्या.”

ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी सासऱ्यांना स्ट्रेचरवर निजवलेलं होतं. ह्यांनी डबा त्यांच्या हातात दिला. त्यांचं बोट छपरावरून हळूहळू सरकलं आणि नेमकं सुरकुतीवर थांबलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता सासरे टाकून बोलणार आणि तेच शेवटचं ठरणार.

“ओलं आहे?”

“हो, बाबा.”

“ओढलं नाहीस?”

“नाही.”

“मग हात लावू नकोस. वाळलं की जाईल. रंग मी आल्यावर.”

दार बंद झालं.

आम्ही बाकावर बसलो. डबा ह्यांच्या मांडीवर. जीव टांगणीला लागलेला, आणि हे त्या कोपऱ्याकडे टक लावून बसलेले. मीही पाहत होते. सुरकुती बारीक होत गेली. मग नुसती रेघ उरली, मग तीही दिसेना. छप्पर सरळच राहिलं. दार मात्र उघडेना; रंग देणारे अजून आतच. आता मला त्या सपाट कोपऱ्याची भीतीच वाटायला लागली.

शेवटी नर्स बाहेर आली.

“शुद्धीवर आलेत,” ती म्हणाली. “पण सारखं एकच विचारतायत, छप्पर वाळलं का म्हणून. काय सांगू?”

हे डबा छातीशी धरून लहान मुलासारखे रडत होते. मीच डोळे पुसून म्हटलं, “सांगा, वाळलं. आणि रंगाला थांबलंय.”