इचलकरंजीचा डबा

बाहुबली अण्णांची शाहूपुरीत गुळाची अडत. ढेप कितीही पिवळीधमक असो, फोडून वास घेतल्याबिगर त्यांचा विश्वास बसायचा नाही, आणि माणसांच्या बाबतीतही तेच. याच स्वभावापायी एकदा त्यांनी धाकट्या भावावर, सम्मेदवर, गुळात साखर मिसळल्याचा आळ घेतला. तोही चार गिऱ्हाइकांसमोर. सम्मेद चप्पल पायात सरकवून जो निघाला, तो इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्तीच्या कामाला लागला. कैक वर्षं बोलणं बंद होतं. पुढं अण्णांच्या मुलीच्या लग्नाला तो आपणहून आला आणि येणं-जाणं सुरू झालं. तो का आला, हे अण्णांना उमगलं नव्हतं.

यंदा भाऊबीजेला सगळे जमले. घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून पानं लवकर मांडली. अण्णांची सून प्रियदर्शनी म्हणाली, "आज प्रत्येकानं घरातल्या एकाचे आभार मानायचे. कशाबद्दल, तेही सांगायचं."

अण्णांच्या कपाळाला आठी पडली. आभार सभेत मानतात. घरात मानायला लागले म्हणजे कुणाला तरी काहीतरी पाहिजे असणार.

सम्मेदनं घसा खाकरला. "अण्णा, मला कावीळ झालती तवा तुम्ही रोज एसटीनं पथ्याचा डबा धाडलासा. त्यावर मी उठलो. कधी बोललो न्हाय, आज बोलतो."

अण्णांचा घास हातातच राहिला. त्यांनी कधी डबा धाडलाच नव्हता! भावाला कावीळ झाली होती, हेसुद्धा ते आत्ताच ऐकत होते. हा टोमणा मारतोय का? भाऊ आजारी असताना आपण फिरकलो नाही, हे चारचौघांत उघडं पाडतोय? ते सम्मेदच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत राहिले. पण त्याचे डोळे भरून आले होते.

"डबा आणून कोण द्यायचं?" अण्णांनी सावधपणे विचारलं.

"गणपतराव कंडक्टर. 'अण्णांनी दिलाय' म्हणायचे."

गणपतराव कागलचे. कागल म्हणजे विजयमालाचं, अण्णांच्या बायकोचं माहेर. ती मघापासून मान खाली घालून आमटी ढवळत होती. अण्णा उठून तिच्यापाशी गेले.

"माझ्या नावानं?" ते हळूच म्हणाले.

"माझ्या नावानं त्यानं खाल्लं नसतं. त्याला तुमचाच राग हुता, तुमचंच पाहिजे हुतं."

"आन मला का सांगितलं न्हाईस?"

"धाडू दिला असतासा?"

आपल्या पाठीमागं आणखी काय काय झालं असेल, ही शंका अण्णांच्या मनात आली. पण विचारायची छाती झाली नाही. ते पानावर परत येऊन बसले.

"सम्मेद, डबा मी न्हाय धाडला. तुझ्या वहिनीनं धाडला. मला आज कळतंय."

"त्या डब्यामुळंच मी लग्नाला आलतो, अण्णा," सम्मेद म्हणाला. "वाटलं, तुमचा राग गेला."

आता हा उठून जाणार, अशी अण्णांची खात्री झाली. सम्मेद उठलाही. पण दाराकडं न जाता वहिनीपाशी गेला आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं. विजयमाला पदरानं डोळे पुसत म्हणाली, "ऊठ बाबा, जेव आधी. दिवस बुडायला आलाय."

अण्णांनी आमटीचं पातेलं तिच्या पुढ्यातून घेतलं आणि सम्मेदच्या वाटीत स्वतः वाढलं.