धुरपदाबाईंची दांड्याची बंदूक

सुरतेत लिंबायतला धुरपदाबाईंची पिठाची गिरणी आहे आणि त्या गिरणीत एक घूस राहायला आली होती. मांजराएवढी. तिने सापळा ओढून नेला, औषधाच्या वड्या खाऊन ती आणखीच तुकतुकीत झाली. मग एके दिवशी गिऱ्हाइकाच्या गव्हातून डोकं काढून तिने धुरपदाबाईंकडे असं पाहिलं, जणू गिरणीचं भाडं तीच घेते.

"बंदूकच आणते आता," धुरपदाबाई सुनेला म्हणाल्या.

उज्ज्वलाला वाटलं, रागाने बोलतायत. पण सकाळी सासूबाई खरंच रिक्षात बसल्या, तेव्हा ती बिचारी मागोमाग धावली.

छऱ्याच्या बंदुकांचा दुकानदार गोड हसला. "माँजी, नातवासाठी?"

"घुशीसाठी."

त्याने उज्ज्वलाकडे पाहिलं. उज्ज्वलाने पंख्याकडे.

त्याने सगळ्यात लांब, दुर्बीण लावलेली बंदूक काढली. "दीडशे फुटांवरून नेम लागेल."

"मनी गिरणी बारा फूट शे, भाऊ. मला तिच्या मिशा नाही मोजायच्या."

दुसरी बंदूक मधोमध वाकवून छरा भरायची होती. धुरपदाबाईंनी एक डोळा मिटून नळी पाहिली. "ही रोज मोडा, रोज जोडा. सांधा ढिला पडला, की नेम सरकतो."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

ठाऊक नसायला काय झालं? सुरतेला येण्याआधी त्या आणि त्यांचा नवरा निंबा खानदेशातल्या जत्रांत फुगे फोडायचा स्टॉल लावत. गिऱ्हाईक जिंकू नये म्हणून निंबा नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी वाकवून ठेवी. किती वाकवली ते बाईंना माहीत, म्हणून गर्दी जमवायला पटापट फुगे फोडायच्या त्याच. एका फौजदाराचे दहाच्या दहा छरे फुकट गेले, तेव्हा त्याने निंबाच्या कानाखाली जाळ काढला. निंबाने गाल चोळला, पण माशी सरळ केली नाही.

हे सगळं त्यांनी दुकानदाराला अभिमानाने सांगितलं. उज्ज्वला अजून पंख्याकडेच बघत होती.

तिसऱ्या बंदुकीला नळीखाली दांडा होता. तो ओढायचा, छरा भरायचा. नळी जागची हलत नाही. दांडा ताठ होता. बाईंनी बंदुकीचा मागचा दस्ता मांडीला टेकवला, ओठ दाबून ओढला. खट्!

"हीच."

गल्लीत बातमी पसरली. भजनी मंडळाचे काशिनाथअण्णा आले. "धुरपदाबाई, घूस म्हणजे उंदराचीच जात. गणपतीचं वाहन!"

"मग बाहेर लावायला सांगा ना गणपतीला. पिठात कशाला?"

दुपारी गिरणी बंद करून त्या स्टुलावर बसल्या. उज्ज्वला बाहेर गिऱ्हाइकं थोपवत उभी राहिली. बऱ्याच वेळाने घूस भिंतीकडेने आली आणि एका गिऱ्हाइकाच्या पिशवीतला गहू खाऊ लागली. धुरपदाबाईंनी नेम धरला, तशी तिने वळून पाहिलं. फुगे कधी असे वळून बघत नसत.

पहिला छरा मागच्या पत्र्याला लागला. घूस पळाली नाही; नुसती थबकली, पुन्हा खाऊ लागली. बाईंनी दांडा ओढला, श्वास धरला.

"मेली का, आई?" बाहेरून आवाज आला.

"मेली."

शटर मात्र लगेच उघडलं नाही. उज्ज्वलाने ते अर्धं वर करून आत डोकावलं, तर सासूबाई घुशीजवळ उकिडव्या बसलेल्या.

"काय झालं?"

"काही नाही व माय. शेवटपर्यंत खातच होती." त्यांनी घूस सुपलीत घेतली. "हिला मागच्या पडक्या जागेत पुरून ये. खोल पूर. आणि त्या पिशवीवाल्याला सांग, गहू बदलून देऊ."