कापायला जागा नव्हती

रेकॉर्डिंगच्या खोलीत पंखा लावायची सोय नव्हती. त्याची घरघर माईक उचलायचा. खिडकी विटांनी बुजवलेली, भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि जुन्या सतरंज्या ठोकलेल्या. दार लोटलं की कानांत दडे बसत. पदवीनंतरचं सेवावर्ष ताईने वस्तीतल्या या छोट्या रेडिओवर घेतलं, तेव्हा तिला वाटलं होतं, मुलांच्या संगतीत जरा मोकळं वाटेल. आता मधेच सोडलं तर वर्ष धरलं जाणार नव्हतं आणि पुढचा प्रवेशही हातचा जाणार होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मुलं शाळा सुटल्यावर येत. त्यांतल्या शिंप्याच्या मुलीला बाकीचे म्यूट म्हणत. ती बोलायचीच नाही. महिनोन्‌महिने नुसत्या वायरी गुंडाळत बसली. मग एक दिवस स्वतःहून माईकसमोर आली. ताईने विचारलं, "घरी तुझं कोण ऐकतं?"

"घरी माझं कोण ऐकणार," म्यूट म्हणाली आणि थांबली. मग धरण फुटावं तशी एका दमात बोलत सुटली, "तसं नाही, बाबा ऐकतात पण आईचा विषय चालत नाही ती घर सोडून गेल्यापासून आणि मी तिला शाळेतून फोन करते ते बाबांना माहीत नाही." मग घाबरून म्हणाली, "हे काढाल ना, ताई?"

ताईने शब्द दिला. कापायला बसली तेव्हा कळलं की त्या वाक्यांत कुठे श्वासच नाही. 'बाबा ऐकतात'चं शेपूट आणि 'आईचा विषय'चं डोकं एकमेकांत अडकलेलं. जिथे थांबली होती, तेवढीच एक जागा होती. ताईने तिथून कापलं. कार्यक्रम संध्याकाळी लागला आणि सगळ्या वस्तीने ऐकलं: घरी माझं कोण ऐकणार.

दुसऱ्या दिवशी म्यूट आली नाही. तिचे बाबा आले. शर्टाला दोरे चिकटलेले, तसेच.

"गिऱ्हाईक विचारतंय, काय हो, पोरीचं ऐकत नाही का तुम्ही?" ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "आमच्याकडे कार्टी तोंड उघडत नाही, आणि इथे येऊन हे. पुढेमागे काही म्हणाली असेल ना? सगळं ऐकवा मला. ऐकलं की पाठवतो तिला परत. नाहीतर बसू दे घरी, काजं-बटणं करत."

पूर्ण रेकॉर्डिंग समोरच्या संगणकात होतं. एक बटण दाबलं की ताई सुटली असती, आणि म्यूट कायमची अडकली असती.

"नाही राहिलं ते," ताई म्हणाली. "पुसलं मी. पण ती म्हणाली होती, बाबा ऐकतात. तेवढं मी कापलं."

"का?"

"वेळेत बसत नव्हतं."

शिंप्याने शर्टावरचा एक दोरा काढला. "दोन शब्दांना जागा नव्हती. आणि ते साबणाच्या जाहिरातीचं गाणं तीनदा वाजवलंत."

ते उठले.

"हेच रेडिओवर सांगा. तुमच्या तोंडाने. मग येईल ती."

ते गेल्यावर तिने ते रेकॉर्डिंग खरोखरच पुसलं. पुढच्या कार्यक्रमात, मुलीचं वाक्य आपण अर्धवट ऐकवलं, हे स्वतःच सांगितलं. केंद्रप्रमुख मॅडमनी बोलावून घेतलं. "बाईसाहेब, तुम्ही प्रामाणिक झालात, आणि केंद्राचं नाक कापलं गेलं. वर्ष संपेपर्यंत माईक नाही, संगणक नाही. आणि राजीनाम्याचं मनातसुद्धा आणू नका, वर्ष फुकट जाईल."

आता रेकॉर्डिंग चालू असताना ताई बाहेरच्या बोळात दाराशी स्टूल टाकून बसते. लाल दिवा लागला की येणाऱ्याजाणाऱ्याला बोट ओठावर ठेवून थांबवते. मुलं तिच्याशी तुटकच बोलतात. ताई मनाला येईल ते कापते, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. म्यूट परत आली आहे, तिला खरं माहीत आहे, पण ते ती कुणाला सांगणार? आत जाताना ती पायातल्या चपलांकडे बघत जाते.

काल दार लागण्याआधी तिचा आवाज आला. कुणा मुलाला सांगत होती, "हळू बोल. वाक्य संपलं की थांब जरा. मग पुढचं."

मग दार लागलं, आणि ताईला पुढचं काही ऐकू आलं नाही.