गौरवीच्या गटाचा होकार

गोकुळदास गावकर देवळात गाऱ्हाणे घालायला उभे राहिले की अख्खे गाव हात जोडून त्यांच्या प्रत्येक थांब्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणते. घराण्याचा मानच आहे तो. एरवी ते पेडण्याजवळच्या तुये गावातल्या कारखान्यात खोक्यांना चिकटपट्ट्या लावतात. तिथे त्यांच्या बोलण्याला कुणी ‘हूं’ देखील म्हणत नाही, त्यामुळे होकाराची किंमत त्यांना बरोबर कळते.

त्यांची लेक गौरवी कॉलेजात अर्थशास्त्रात एकदा नापास झालेली. यंदाही आपटली तर तिच्याही नशिबी खोकीच. कॉलेजने एकमेकांना शिकवण्यासाठी मोबाइलवर एक ॲप आणले होते. आपण लिहिलेल्यावर गटातल्या जितक्या जणांनी उत्तर दिले, तितके गुण. गौरवी रोज शंका विचारी आणि गट रोज ढिम्म बसे, एक उत्तर येत नसे.

“बाबा, कोण जापच दिना,” ती रडवेली होऊन म्हणाली.

गोकुळदासांनी फोन डोळ्यांजवळ धरला. “दितले कशे? तू मधी थांबणंस ना गो! लोकांका होय म्हणूक जागा दी.”

मग बापलेकीने मिळून लिहिले: ‘बा देवा म्हाराजा! किंमत वाढली की मागणी कमी होता, असां जां पुस्तकात सांगलांसा, तां खरां करून...’

‘व्हय म्हाराजा,’ सर्वेश. ‘व्हय म्हाराजा,’ संजना. निखिलचा फोन दुरुस्तीला दुकानात पडलेला, तरी त्याचाही होकार आला. दुकानदारही पेडण्याचाच होता, गाऱ्हाणे दिसल्यावर त्याला राहवले नाही.

गौरवीचा गट गुणांत पहिला आला. इतर गटांनी नक्कल केली. अर्थशास्त्राच्या सरांनी तास सकाळी आठला ठेवल्याचे ॲपवर कळवले, त्यावर वर्गभराचे ‘व्हय म्हाराजा’ पडले आणि आठ वाजता सर एकटेच फळ्यासमोर उभे होते. ॲपने मात्र त्या तासाला उत्कृष्ट सहभागाची चांदणी दिली. गोकुळदास कारखान्यात छाती काढून फिरू लागले.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा गौरवीने लिहिले, ‘माका कायच समजूक ना. कोण शिकयतलो?’

क्षणात सगळ्यांचे ‘व्हय म्हाराजा’ आले. शिकवायला कुणीच आले नाही. ॲपने चर्चा यशस्वी झाल्याचे कळवले.

गौरवी हमसून रडली. गोकुळदासांना वाटले, फोन विहिरीत फेकावा. पण ही विद्या तर आपणच दिलेली. शेवटी ते तिच्याजवळ जाऊन बसले. “वाच. मी आयकतंय.”

“किंमत वाढली तर मागणी घटते.”

“व्हय.”

“पण मिठाची तेवढी घटत नाही.”

“व्हय म्हा...” गोकुळदास अडखळले. सगळ्या गावाकडून होय म्हणवून घेणाऱ्या माणसाला पुढचे वाक्य लेकीसमोर बोलायची लाज वाटली, पण ते बोलले. “राव गो, थांब. माका समजूक ना.”

गौरवीने डोळे पुसत, हसत पुस्तक दोघांच्या मधे सरकवले.

“माकाय समजूक ना, बाबा.”