पिवळ्या कॅन्यूलाचा खप

खरेदी विभागाच्या टेबलावर पसरलेल्या मंजूर यादीत सुभद्राबाई केळुसकरांनी आपला वॉर्ड शोधला, ओळीवर बोट ठेवले, चष्मा पुसला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. चोवीस नंबरची पिवळी कॅन्यूला, म्हणजे सलाईन देण्यासाठी लहान मुलांच्या बारीक शिरेत बसवायची ती नळी. मागणी चार हजार आठशे. मंजूर दोन हजार तीनशे दहा.

"धनेश, हे निम्मेसुद्धा नाही रे."

धनेश खरेदी विभागातला लिपिक, गिरगावचा. माणूस सरळ होता, आणि म्हणूनच त्याच्यावर रागावणे कठीण होते. "सिस्टर, मी काही कापत नाही. गेल्या वर्षीचा खप, वर दहा टक्के, हा नियम. तुमचा खप एकवीसशे."

"मिळाल्याच एकवीसशे! पाच महिने स्टोअरमध्ये एकही नव्हती."

"मग पाच महिने पोरांना सलाईन लावलं नाहीत?"

"लावलं."

"कशानं?"

धनेशने सुभद्राबाईंच्याच वॉर्डाची नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. "'उपलब्ध नाही' असा शेरा वर्षभरात एकदाही नाही. कागदावर तुमचा वॉर्ड अगदी सुखात आहे. शुक्रवारी निविदा पोर्टलवर चढते, दोन वर्षांसाठी. त्याआधी काही लेखी द्या. मी फाइल वर नेतो."

परळच्या त्या सार्वजनिक रुग्णालयात सुभद्राबाईंची चौतीस वर्षे गेली होती. बालरुग्ण वॉर्डाच्या प्रमुख परिचारिका म्हणून शेवटची अकरा. मे अखेर त्या निवृत्त होणार होत्या. त्या लालबागच्या चाळीत वाढल्या. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडली तेव्हा सुभद्रा पंधरा वर्षांची होती. त्या काळात आईने घरात एक शिस्त पाळली: डबा रिकामा झाला तरी तो रिकामा आहे हे गॅलरीत कळता कामा नये. मागच्या दाराने शेजारणीकडून वाटीभर तांदूळ यायचे आणि दोन दिवसांनी मागच्याच दाराने परत जायचे. लाज राखणे आणि घर चालवणे ही तिथे दोन वेगळी कामे नव्हती.

हीच शिस्त सुभद्राबाईंनी वॉर्डात आणली. स्टोअरमधून माल आला नाही की त्या शेजारच्या स्त्री शस्त्रक्रिया वॉर्डातल्या नलू सिस्टरकडून उसना आणत. तिथेही नसला की मुलाच्या बापाला हळूच चिठ्ठी देत: बाहेरून आणा. ही चिठ्ठी द्यायला परिपत्रकाने बंदी होती आणि त्या परिपत्रकाखाली 'वाचले' म्हणून त्यांची स्वतःची सही होती. पण समोर सुकलेले मूल असताना परिपत्रक कुठे आठवते? 'सुभद्राबाईंच्या वॉर्डात कधी काही कमी पडत नाही' हे मेट्रनचे वाक्य त्यांनी वर्षानुवर्षे अभिमानाने ऐकले होते. त्याच वाक्याने आज मुलांच्या सुया निम्म्यावर आणल्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी नलूला सारे सांगितले, चिठ्ठ्यांसकट लेखी द्यायचा विचारही. नलू मूळची मालवणची. एरवी ती प्रमाण मराठी बोले, पण जीव कळवळला की तिची मालवणी बाहेर येई.

"गो बाय, तुका खुळ लागलाहा काय? चिठ्ठ्ये दिलंय म्हणान लिवन देतलंस? चार म्हयने रवलेत. चौकशी लागली तर पेन्शन अडकतली!"

"मग पोरांना काय घालू, तुझी हेअरपिन?"

"माझी घाल! पण सही करू नको."

सुभद्राबाईंनी त्या दिवशी सही केली नाही.

बुधवारी दुपारी आठ महिन्यांचे एक बाळ आले. जुलाबांनी डोळे खोल गेलेले. बाप लवू शिवडीच्या गोदामात हमाल. पिवळी कॅन्यूला पुन्हा संपलेली होती आणि नलूची ड्यूटी नसल्याने तिच्या कपाटाला कुलूप होते. सुभद्राबाईंनी सवयीने चिठ्ठी लिहिली. लवू धावला, आणि अर्ध्या तासाने निळी घेऊन आला. दुकानदाराने 'चालेल' म्हणून दिली होती. निळी एक नंबर जाड. एका हातावर शीर फुटली, दुसऱ्यावरही फुटली. लवू पुन्हा धावला. पिवळी मिळून ती पायाला लागेपर्यंत पाऊण तास गेला. बाळ वाचले, पण त्या पाऊण तासात त्याचे रडणे हळूहळू बारीक होत गेलेले सुभद्राबाईंनी ऐकले होते. रडणे थांबू लागते तेव्हा काय होते, हे त्यांना ठाऊक होते.

सलाईनचे थेंब पडू लागल्यावर लवू दाराशी उकिडवा बसला. आवाजात राग नव्हता, नुसते कुतूहल होते.

"बाई, आमच्या गोदामात माल संपला की फळ्यावर लिहितात. नायतर शेटला कसं कळणार? तुमच्यात नाय लिहीत?"

"नाही लिहिलं," सुभद्राबाई म्हणाल्या.

"मग तो समजणार, माल पडून हाय."

ड्यूटी संपल्यावर त्यांनी औषधांचे कपाट उघडले. बाटल्यांचे ट्रे उचलले. खाली गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पाने अंथरलेली होती. घरी दुधाचा रतीब मांडतात तशी त्या पानांच्या चौकटींत पेन्सिलीची बारीक अक्षरे होती: 'न १०', 'बा ६', 'बा १४'. न म्हणजे नलूकडून, बा म्हणजे बाहेरून. उसने परत करताना चूक होऊ नये म्हणून केलेली ही खूण. ती कोणाला दाखवायची वेळ येईल असे त्यांना वाटले नव्हते. डाग पडलेली बाराही पाने टेबलावर मांडून त्यांनी बेरीज केली. सहाशे चौदा उसन्या, अजून परत न केलेल्या. दोन हजार सत्त्याऐंशी बाहेरून. म्हणजे दोन हजार सत्त्याऐंशी वेळा कोणीतरी लवू धावला होता, आणि रुग्णालयाच्या दप्तरी त्या धावण्याचे नाव 'कमी खप' असे पडले होते.

गुरुवारी सकाळी त्यांनी या आकड्यांसह निवेदन दिले. चिठ्ठ्या मीच दिल्या, असे त्यात स्पष्ट लिहिले आणि सही केली. धनेशने ते दोनदा वाचले. "सिस्टर, हे वर गेलं की परत घेता येणार नाही."

"ने."

शुक्रवारी निविदा पोर्टलवर चढली. आकडा दोन हजार तीनशे दहाच होता. निवेदन खरेदी समितीपुढे गेलेच नाही. त्यात नियमभंगाची कबुली असल्याने ते आस्थापना विभागाकडे वळवण्यात आले. पुढच्या बुधवारी सुभद्राबाईंच्या हाती ज्ञापन पडले: बाहेरून साहित्य आणवल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. साहित्य का नव्हते, हे त्यात कोणीही विचारले नव्हते.

त्या तशाच खरेदी विभागात गेल्या. "मी काय मागितलं होतं रे, आणि हे काय दिलंत?"

धनेशने मान खाली घातली. मग आजूबाजूला पाहून तो हळू आवाजात म्हणाला, "वार्षिक मागणीच्या नमुन्यात जोडपत्राला जागाच नाही, सिस्टर. खुलाशाला मात्र जोडपत्र लावता येतं. आणि खुलासा अधिष्ठात्यांना स्वतः वाचावा लागतो. पुरवणी मागणी निघाली तर तिथूनच निघेल. निघेलच असं नाही."

"आणि माझी पेन्शन?"

"चौकशी मेपर्यंत संपली तर ठीक."

सुभद्राबाईंनी त्याच टेबलावर कागद मागून घेतला. खुलाशात क्षमा मागितली नाही. 'जोडपत्र अ' म्हणून कॅलेंडरची बारा पाने लावली, आणि खाली लिहिले: वॉर्डाची खरी गरज चार हजार आठशे एक.

वॉर्डात परतल्या तेव्हा नवे मूल आले होते आणि पिवळी कॅन्यूला नव्हती. त्यांनी नोंदवही उघडली, चौतीस वर्षांत पहिल्यांदा 'उपलब्ध नाही' असे लिहिले, वेळ घातली आणि वही काखेत मारून नलूकडे गेल्या.

"दोन पिवळ्या दे. आणि उसन्या दिल्या म्हणून इथे सही कर."

"आता माकाय अडकवतलंस?" नलूने कपाळावर हात मारला. मग तिने कपाट उघडले, दोन कॅन्यूला काढून दिल्या आणि पुटपुटत पेन मागितले.