प्रवेशाच्या टेबलावरचे गाऱ्हाणे

ओवळीच्या, म्हणजे बकुळीच्या, सुकलेल्या फुलांचा वास आला की मला सावंतवाडीतील ते प्रवेशाचे टेबल आठवते. पदवी नको, धर्म-अभ्यासातील ‘प्रार्थना’ हा एकच विषय शिकावा, या इच्छेने मी निवृत्तीनंतर विद्यापीठाच्या केंद्रात गेले होते. समोर वृद्ध ख्रिस्ती प्राध्यापक होते आणि त्यांच्यापुढे वाटीभर ओवळीची फुले. ‘हाच विषय का?’ या प्रश्नावर पाठ केलेले उत्तर मी विसरले आणि संकोचून अर्ज परत मागितला. तो त्यांनी दिला नाही. “घरी प्रार्थना कोण म्हणायचं?” “प्रार्थना नाही, सर. वडील देवळात गावासाठी गाऱ्हाणं घालायचे, देवाकडे मागणं मागायचे.” “मगे घाला बघया.” मान खाली घालून मी पुटपुटले, “बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान जा काय मनात धरलेला आसा, ता पुरा कर रे म्हाराजा.” गाऱ्हाण्याला होकार देणारे गावकरी तिथे कोठून असणार? सरांनी पेन खाली ठेवले, हात जोडले आणि अचूक जागी म्हणाले, “व्हय म्हाराजा.” मग सही करत हसले, “आता अर्ज मागू नकात, देवान आयकल्यान.” प्रार्थनेवर मी पुढे पुष्कळ वाचले, परंतु दुसऱ्याच्या देवाला इतक्या आदराने दिलेला होकार मला अद्याप कोणत्याही ग्रंथात सापडलेला नाही.