बिनचूर्णाचे लाडू

माझा धाकटा भाऊ टेनिस खेळायचा. हौसेनं नाही, त्याच्यावरच पोट भरायचा, देशोदेशी हिंडायचा. आता खेळत नाही, कारण खेळू देत नाहीत. आमच्या शहरात कुणालाही विचारा, "तो औषधं घेऊन जिंकणारा ना?" असंच म्हणतील. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि मेलं तोंड उघडायची सोय नाही.

वडील चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात होते, त्याच्या कॉलनीत सिमेंटचं एक कोर्ट होतं. संध्याकाळी साहेब लोक तिथं पोट कमी करायला यायचे. भावाला मिसरूड फुटायच्या आतच तो त्यांना हरवायला लागला. एकदा एका साहेबानं चेंडू बाहेर गेला म्हटलं, तर पठ्ठ्या जाळीखालून पलीकडं गेला, रेषेवर बोट ठेवून म्हणाला, "इथं पडलाय. डोळे तपासून घ्या." वडिलांनी घरी आणून कानफटात दिली. काडीचा फरक पडला नाही. पुढं जगभरच्या पंचांशी त्यानं हेच केलं. रॅकेटी मोडल्या, दंड भरले, टीव्हीवर शिव्या दिल्या. त्या अस्सल मराठवाडी असायच्या, त्यामुळं पंचाला काही कळायचं नाही आणि आई इकडं पदरात तोंड लपवायची. खोटं कशाला बोलू, मला लई मजा वाटायची.

मोठी स्पर्धा जिंकून आला तेव्हा विमानतळापासून गुलमंडीपर्यंत उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. चौकाचौकात त्याचे फ्लेक्स. ज्यांना टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही, तेही गळ्यात पडून फोटो काढत होते.

त्याच वर्षी थंडीत आईचे गुडघे धरले. तिचं माहेर सोयगावकडचं. तिकडच्या एका वैद्याचं चूर्ण मामानं आणून दिलं आणि काय सांगू, आठवड्यात बाई तुरुतुरु जिना चढायला लागली. भावाचाही गुडघा दुखत होता. दरवर्षी ती त्याच्यासाठी डिंकाचे लाडू करून डबा भरून द्यायची. त्या वर्षी तिनं त्या लाडवांत चूर्ण मळलं. लेकरू कडू औषध घेत नाही, तर गोडात घालून द्यायचं, आमच्याकडं सगळ्या आया हेच करतात. सांगायचं कशाला? आणि गोळ्या-इंजेक्शनं म्हणजे औषध. चूर्ण म्हणजे घरचंच की!

पुढं परदेशात त्याची तपासणी झाली, त्यात स्टेरॉइड निघालं आणि बंदी आली. बोटभर जागेसाठी जगाशी भांडणारा माणूस चौकशीत चकार शब्द बोलला नाही. गप्प बसला म्हणजे कबूलच, असं सगळ्यांनी धरलं. फ्लेक्स कधी उतरले कळलंही नाही. गळ्यात पडणारे रस्ता बदलून जायला लागले.

वर्षभरानं आईचं तोंड सुजलं. तिला सिडकोतल्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी चूर्णाची पुडी बघितली, कपाळावर आठ्या घातल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे आधी बंद करा. असल्या चूर्णांत सर्रास स्टेरॉइड घालतात." आईला त्यांनी फक्त 'तुम्हाला सोसत नाही' एवढंच सांगितलं. माझ्या मात्र डोळ्यांपुढं लाडवाचा डबा आला. दवाखान्याच्या जिन्यात बसूनच भावाला फोन लावला.

तो म्हणाला, "माहितीय, ताई. उरलेला लाडू मी तेव्हाच तपासून घेतला होता."

"मग बोलला का नाहीस, मुडद्या? शिक्षा कमी झाली असती!"

"काय बोलू? आईनं घातलं म्हणू? तिला चार लोकांपुढं बसवून विचारलं असतं. पेपरात फोटो आला असता. मरेस्तोवर स्वतःला खात बसली असती ती." मग जरा हसला. "मी तसाही बदनाम. मला शोभून दिसतं. तू तिला बोलायचं नाय."

मी फोनवरच रडले. त्याचे खेळायचे दिवस मातीत गेले होते आणि ते आता कुणीच परत देणार नव्हतं.

गेल्या थंडीत तो घरी आला. आईनं लाडवांची ताटली पुढं ठेवली. "डॉक्टरनं माझं चूर्ण बंद केलंय, मग यातही नाय घातलं. गुण कमी येईल, पण खा."

"लई भारी झालेत," तो म्हणाला.

आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मग तिचे डोळे भरून आले. "तेव्हाच ऐकलं असतंस तर ही वेळ आली नसती रे. किती जीव तोडून सांगायची मी, बाहेरचं काय बी तोंडात घालू नको, माझ्या हातचं तेवढं खा."

मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले, पण दारातच थांबले. आयुष्यात पंचाचा एक निकाल त्यानं मुकाट्यानं मानला नव्हता.

"व्हय, आई. चुकलंच माझं," तो म्हणाला आणि दुसरा लाडू उचलला.